मोहाखालचा पाचोळा

वसंत आला हे मला वर बघून कधी कळलंच नाही. बाकी जग पळसाकडे मान उंच करून बघतं, फोटो काढतं. मी बूट आपटून पायाखालचा पाचोळा किती जाड झालाय ते बघत असते. मी वनरक्षक आहे आणि आमच्या नोकरीत वसंत म्हणजे आगीचा मोसम. पळस फुलला की लोक तो 'पेटला' म्हणतात. हा शब्द मला आजही आवडत नाही. वायरलेसवर तो ऐकला की माझा हात आधी बुटांच्या नाड्यांकडे जातो.

मी मूळची वरोऱ्याकडची. घरी कापूस आणि सोयाबीन. आमच्याकडे वसंत असा काही वेगळा दिसायचा नाही. पऱ्हाट्या उपटून झाल्या, शेतं उघडी पडली, बांधावरच्या आंब्याला मोहोर आला, होळीला पुरणपोळी झाली की लागलाच उन्हाळा. मधे आणखी काही असतं हे मला पहिल्या पोस्टिंगवर गडचिरोलीच्या जंगलात गेल्यावर समजलं. तिथे महाशिवरात्र आली की साग पानं टाकायला लागतो. एकेक पान सुपाएवढं, आणि वाळलं की पापडासारखं वाजतं. सगळं जंगल उघडं होतं, लांबवरचं दिसायला लागतं. आणि जंगल आता संपलंच असं वाटत असताना कुठूनतरी पालवी फुटते. कुसुमाच्या झाडाची पालवी लाल असते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी झाडाला रोग लागला असं समजून वहीत नोंद केली होती. माझ्यासोबत आगीवर पहारा ठेवणारे आमचे फायर वॉचर हे बघत होते. जंगलाला लागूनच्या गावचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायची. त्यांनी दोन आठवडे मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती पानं हिरवी व्हायला लागली तेव्हा म्हणाले, तुमचा रोग बरा झाला. मी चिडले. मी लवकर चिडते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या चिडण्याचा वाटा मोठा आहे.

त्या गावाचा खरा वसंत मोहाचा. मोहाची जुनी पानं गळतात, फांद्यांच्या टोकाला टपोऱ्या कळ्यांचे घोस येतात, आणि मग एके दिवशी पहाटेपासून फुलं टपटप पडायला लागतात. फिकट पिवळी, गुबगुबीत, हातात घेतली तर रसरशीत. वास इतका गोड की पहिले दोन दिवस माझं डोकं दुखलं. गावातली घरं पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढेपर्यंत वेचतात. ती फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यापर्यंत घर निभतं. झाडं उभी असतात जंगलात, सरकारी जमिनीवर, पण कोणतं झाड कोणाच्या घरचं हे सगळ्या गावाला पाठ असतं. कागदावर त्याचं काही नाही. कोणी कोणाच्या झाडाखाली वाकत नाही.

आता फुलं वेचायची तर खालची जमीन स्वच्छ हवी. पाचोळ्यात पडलेलं फूल सापडत नाही. म्हणून लोक फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. चार हाताचीच आग असते, पण वारा फिरला की तीच डोंगर खाऊन टाकते. त्यामुळे पहिल्या वर्षी माझं मुख्य काम म्हणजे दारोदार फिरून सांगणं, की आग लावू नका, खराट्यानं झाडा. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, हो म्हणायचे. मला वाटायचं, मी किती छान समजावून सांगते.

नाल्याच्या वळणावर एक मोठा मोह होता. दोघांच्या कवेत मावणार नाही असा. तो गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईचा. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सिरोंच्याकडे दिलेली. घरी एकटी. तिच्या सासूनं मरायच्या आधीच्या साली तिला त्या झाडाखाली उभं करून ते झाड तिच्या स्वाधीन केलं होतं. बाकीच्या घरांची पाच-पाच, सात-सात झाडं होती, हिचं एकच. हिवाळा सरता सरता तूर कापताना ती बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मी तिच्या दारात आग लावू नका सांगायला गेले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता.

तिनं माझं सगळं बोलणं ऐकलं. मग म्हणाली, एवढी एकदा परवानगी द्या, मी पाण्याचा गुंड भरून शेजारी बसून राहीन, विझेपर्यंत हलणार नाही. मी नाही म्हणाले. एकाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील वगैरे, जे साहेब लोक आम्हाला सांगतात तेच मी तिला सांगितलं, त्यांच्याच सुरात. तिनं प्लास्टरचा हात थोडा वर केला.

"मंग झाडू कायनं, म्याडम?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही, पाण्याचा गडू पुढे केला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी मला वागता येतं. तिचं ते गप्प पाणी देणं मला दिवसभर खुपत राहिलं.

त्या वर्षी आमच्याकडे ब्लोअर आले होते. पाठीला अडकवायचं मशीन, हातात नळी, सुरू केलं की वाऱ्याच्या झोतानं पाला उडून जातो. आग अडावी म्हणून जंगलात मोकळा ठेवतात तो पट्टा, म्हणजे जाळरेषा, साफ करायला दिलेलं. आवाज असा की अर्धा कोस ऐकू जाईल. एका दुपारी मी नाल्यापलीकडची जाळरेषा साफ करून परत येत होते. टाकीत थोडं पेट्रोल उरलं होतं. भाऊ त्या दिवशी गोंडपिपरीकडे लग्नाला गेले होते, म्हणून मी एकटीच. वळणावर तो मोह दिसला. कळ्या अगदी फुगलेल्या, आज-उद्या पडतील अशा, आणि खाली घोट्याएवढा पाला. मी मनाशी म्हटलं, हात मोडला तर मोडला, आपण कशाला आहोत. आणि सुरू केलं मशीन. पंधरा मिनिटांत झाडाखालची सगळी जमीन अशी साफ केली की वर पंगत बसवावी. एक पान ठेवलं नाही. पाला चहूकडे मागे सरकून त्याचा गोल वरंबा झाला. घाम पुसत मी ते बघत उभी राहिले. मी स्वतःवर इतकी खूश त्या नोकरीत आधी कधी झाले नव्हते.

परत जाताना मुद्दाम तिच्या घरावरून गेले. म्हटलं, मशीनचा आवाज ऐकला असेलच, काहीतरी बोलेल. ती अंगणात बसली होती. मी हसले. तिनं माझ्या पाठीवरच्या मशीनकडे बघितलं आणि उठून आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. बराच वेळ उभी राहिले. ती बाहेर आली नाही.

दोन दिवसांनी फुलं पडायला लागली. सकाळी गस्तीवर निघाले तर प्रत्येक झाडाखाली माणसं. वळणावरच्या मोहाखाली कोणी नव्हतं. स्वच्छ जमिनीवर फुलांचा नुसता सडा पडलेला. उशीर झाला असेल म्हणून मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कालची फुलं काळी पडलेली, त्यांच्यावर आजची. तिसऱ्या दिवशी अस्वल येऊन खाऊन गेल्याच्या खुणा. चौथ्या दिवशीही कोणी नाही. अजून एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. मी रस्त्यानं गेले की टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका बोलायच्या थांबत. घरोघरी पाणी मिळत होतं, पण 'बसा' कोणी म्हणत नव्हतं.

पाचव्या दिवशी मात्र माझा पारा चढला. आपण उन्हातान्हात हिच्यासाठी राबायचं आणि हिनं घरी बसून राहायचं, एक टोपली उचलायची नाही? डावा हात तर धड आहे ना? हे सगळं मी तिच्या अंगणात उभी राहून तिला ऐकवलं. भाऊ सोबत होते. ते मधे माझ्या बाहीला हात लावून थांबवायला बघत होते, मी थांबले नाही. म्हटलं, झाड साफ करून दिलं, फुलं सडून चालली, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही का.

ती खाली बघत होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुमचं झाड हाय. तुमी येचा."

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी तणतणत निघाले. गावाबाहेर आल्यावर भाऊंनी मला एका दगडावर बसवलं आणि जे सांगितलं ते ऐकताना माझे कान तापत गेले. त्या गावात कोणतं झाड कोणाचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असलं, तरी दर साली ते पुन्हा सांगावं लागतं. आणि ते तोंडानं सांगत नाहीत. झाडाचं बूड, म्हणजे त्याच्या खालची जमीन, जो साफ करेल, त्या सालची फुलं त्याची. ज्याला झाड दुसऱ्याला द्यायचं असेल तो त्या साली बूड साफ करत नाही, दुसऱ्याला करू देतो. आई मुलीला देते ते असंच, सासू सुनेला देते ते असंच. आजारी माणसाचं बूडसुद्धा शेजारी साफ करून देत नाही. फार तर त्या घरच्या लहान मुलाला कडेवर घेऊन जाईल, त्याच्या मुठीत खराट्याची काडी धरवून दोनदा फिरवील, पण स्वतः हात लावणार नाही. मी त्या बाईच्या झाडाचं बूड तिला न विचारता साफ केलं होतं. तेही अंगावर वर्दी घालून आणि सरकारी मशीननं. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला: झाड सरकारनं घेतलं. आज हिचं घेतलं, उद्या आमची घेतील.

भाऊ लग्नाहून परतले तेव्हा गावात हे पसरून गेलं होतं. मग मला आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. ते जरा घुटमळले. म्हणाले, मीही म्याडमला वरून हुकूम आला असेल असंच समजलो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. रोज माझ्याबरोबर चालणाऱ्या माणसालाही तसं वाटलं होतं. लोक तालुक्याला जाऊन तक्रार करायच्या गोष्टी करत होते, असंही त्यांनी सांगितलं. मग कोणी गेलं का नाही? भाऊ म्हणाले, त्या बाईनंच अडवलं. तिनं सगळ्यांना सांगितलं, "पोरगी नवी हाय. तिची नौकरी जाईन. झाडाचं काय, मायं एकटीचं पोट हाय."

मी त्या दगडावर बसून रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. जिचं वर्षाचं एकमेव झाड मी हिसकावून घेतलं होतं ती माझी नोकरी सांभाळत बसली होती, आणि मी तिला आळशी म्हणून आले होते.

डोळे पुसून मी म्हटलं, आत्ता जाऊन सगळ्यांसमोर सांगते की झाड तिचंच आहे. भाऊंनी मान हलवली. सांगून भागत नाही, म्हणाले, तिनं साफ करायला पाहिजे. मग तिला सांगू या, मी म्हटलं. भाऊ म्हणाले, "साफ काय करन ते बाई? तुमी पान तरी ठेवलं काय?"

म्हणजे पाला परत टाकायला हवा होता.

ब्लोअर पाला उडवतो. परत आणायचं मशीन अजून निघालेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, मी एक टोपली आणि धानाचा रिकामा बोरा घेऊन त्या मोहाखाली गेले. मी मागे ढकललेल्या वरंब्यातून पाला भरायचा, आणून झाडाखाली पसरायचा, पुन्हा जायचं. पंधरा मिनिटांत जे उडवलं ते परत आणायला संध्याकाळ झाली. लाल मुंग्यांनी हात सोलून काढले. आधी नाल्यावर पाणी भरायला आलेल्या दोन बाया थांबल्या, मग आणखी आल्या, मग बरेच जण आले आणि लांब बसून बघायला लागले. गार्ड म्याडम साफ जमिनीवर कचरा टाकतेय, असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. हसले, खूप हसले. एक म्हातारा म्हणाला, इकडं उघडं राहिलं, इकडंही टाका. पण त्या हसण्यानंतर आठवड्याभरात पहिल्यांदा मला कोणीतरी 'बसा' म्हणालं. एक पोरसवदा सून मदतीला टोपली घेऊन उठली तर भाऊंनी तिला थांबवलं. म्हणाले, काढला यांनी, टाकतीलही याच.

पाला पसरता पसरता मी पहिल्यांदा त्या जंगलाकडे नोकरीशिवाय बघितलं. आगीच्या भीतीनं मी ज्याच्याकडे नुसती वैरी म्हणून बघत होते तो पाला खालून ओलसर होता, त्यात किडे होते, आणि काही ठिकाणी त्याला भेदून इवलेसे कोंब वर आले होते. वर तांबट पक्षी टुकटुक करत बसला होता. नाल्याकडच्या करंजाला पोपटी पानं आली होती. सकाळी गस्तीवर गेले तेव्हा ती इतकी नव्हती, असं मला वाटलं. मला त्या जागेबद्दल माया वाटायला लागली ती त्या दुपारी. त्याआधी मी तिथे नुसती हजेरी लावत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाऊ थोडं लांब जाऊन बसलो. ती येईल की नाही, हे भाऊंनाही ठाऊक नव्हतं. उजाडता उजाडता ती आली. पाठीमागे गावातले चार-सहा जण. तिनं झाडाखालचा पाला बघितला, एकदा पायानं चाचपला. मग डाव्या हातात खराटा धरून वाकली.

डाव्या हाताची सवय नसलेल्या माणसाला झाडताना बघणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. खराटा सारखा निसटायचा. ती दहा वेळा ओढायची, कंबर धरायची, बसायची, पुन्हा उठायची. नुकतीच पडलेली फुलं पाल्याबरोबर बाजूला जात होती. मला उठून तिच्या हातातला खराटा घ्यावासा वाटत होता, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आयुष्यात मी कोणासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ते बसून राहणं.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा जवळजवळ सगळं बूड साफ झालं होतं. नाल्याच्या बाजूचा एक तुकडा तेवढा राहिला होता, दोन खाटा मावतील एवढा. ती तिथे थांबली. मला वाटलं, दमली. ती वळून माझ्याकडे आली आणि खराटा माझ्यासमोर धरला.

मी हात पुढे केला नाही. भाऊंकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.  खराटा घेणं म्हणजे काय हे आता मला माहीत होतं.

"घे, माय," ती म्हणाली. म्याडम नाही म्हणाली. "आता समजून मार खराटा."

मी तो तुकडा झाडला. तिच्याइतकाच वेळ लावून, एक-एक पान करून. दुसऱ्या दिवशी तिथे पडलेली फुलं मी वेचली, तिच्या अंगणात तिच्या फुलांशेजारी वाळत घातली. पुढे पाडव्यानंतर तिचं प्लास्टर निघालं. मी तिथे होते ती चार वर्षं ती सगळं बूड झाडायची आणि तेवढा तुकडा ठेवायची. आग लावायला पुन्हा त्या गावात मला कोणाला मनाई करावी लागली नाही. कोणाकडे झाडायला माणूस नसला की लोक आधी मला येऊन सांगायचे, आणि मग आम्ही सगळे मिळून त्यावर डोकं चालवायचो.

आता माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यात झालीय, गडचांदूरच्या बाजूला. इथे पळस फुलतो तो सिमेंटची धूळ अंगावर घेऊन, तरी फुलतो. तिकडे मोहाच्या कळ्या फुगल्या की भाऊंचा फोन येतो, तेवढंच सांगतात, फुगल्या म्हणून. मी दोन दिवसांची रजा टाकून जाते, तो तुकडा झाडते, फुलं वेचून परत येते.

मागच्या वर्षी मला जाता आलं नाही. आमच्याकडे डोंगराला आग लागली होती आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. मी फोन करून भाऊंना म्हटलं, बाईला सांगा, यंदा तोही तुकडा तुम्हीच झाडून घ्या. मोसम संपल्यावर त्यांचा फोन आला. तिचा हात आता धड आहे, अगदी शेजारची जमीन ती रोज झाडत होती. पण त्या तुकड्याला तिनं खराटा लावला नाही. पंधरा दिवस फुलं पाल्यावर पडत राहिली आणि तिथेच काळी झाली. गावातल्या कोणी विचारलं तर सांगायची, ते पोरीचं हाय, पोरगी येईन.

यंदा कुसुमाला अजून लाल पालवी आलेली नाही. रजेचा अर्ज मी देऊन ठेवलाय.